बोट ट्रॉलीवर, इंजिनाचा भार कोणावर?

कापडाच्या व्यापाऱ्याने बोटीच्या इंजिनावर लिहावे, हे वाचकांना जरा विचित्र वाटेल. पण शिरूरच्या आमच्या दुकानात कापडाबरोबर ताडपत्री, नवार आणि बांधणीचे पट्टेही विकले जातात. पट्टा घ्यायला आलेला माणूस काय बांधणार आहे, हे विचारल्याशिवाय मी माप करीत नाही. ही माझी जुनी सवय. या सवयीमुळे मला उसाच्या ट्रॉलीपासून लग्नाच्या मंडपापर्यंत बऱ्याच गोष्टी कळल्या आणि बोटीचे इंजिनही असेच कळले.

दौंड-शिरूरकडे बोट म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा वाळूउपशाची बोट येते. महसूल खात्याने पकडली की फोडतात किंवा जाळतात, ती. तिचे डिझेल इंजिन बोटीच्या पोटात पक्के बसवलेले असते. त्या बोटीविषयी इथे काही सांगायचे नाही. मी बोलतो आहे ती फायबरची छोटी बोट. चिंचणीच्या घोड धरणात मासेमारीला लागते, तशीच उजनीच्या फुगवट्यावर भिगवणकडे हिवाळ्यात रोहित पक्षी पाहायला येणाऱ्या पाहुण्यांना फिरवायलाही लागते. उजनीचे धरण भीमेवर १९८० साली पुरे झाले, त्याचे पाणी दौंड, इंदापूर, कर्जत, करमाळा अशा तालुक्यांत पसरले आणि नदीकाठच्या शेतकऱ्यांच्या शेजारी बोटवाल्यांचा एक नवा धंदा उभा राहिला. या बोटींच्या मागच्या फळीला जे इंजिन बाहेरून लटकवतात त्याला आउटबोर्ड म्हणतात. आपल्याकडे सगळे नुसते 'मशीन' म्हणतात.

बोट पाण्यात असते तोवर काही प्रश्न नाही. एका धरणातून दुसऱ्या धरणात न्यायची झाली, किंवा पाणी आटल्यावर घरी आणायची झाली, की ती ट्रॉलीवर चढते आणि रस्त्याला लागते. खरे नुकसान तिथे होते. दोन भाऊ माझे जुने गिऱ्हाईक. घोड धरणात मासे धरायचे. भिगवणकडे पाहुण्यांचे काम मिळाले म्हणून त्यांनी कर्ज काढून पंचवीस हॉर्सपॉवरचे मशीन घेतले आणि बोट न्हावऱ्यावरून चौफुल्याकडे काढली. मशीन खाली सोडले तर पंखा रस्त्याला लागेल म्हणून ते वर उचलून त्याच्याच खिटीवर अडकवले. न्हावरा मागे पडल्यावर एका गतिरोधकावर ट्रॉली उसळली, खिटी सुटली आणि मशीन धाडकन खाली आले. पंख्याखालचे पाते तुटले, पंख्याची एक पाकळी वाकली, आणि सर्वांत वाईट म्हणजे बोटीची मागची फळी तडकली. परत येऊन मोठा भाऊ मला म्हणाला, "चाचा, मशीनला त्याचीच खिटी आहे. ती लावली होती की!"

त्या दिवशी त्याला मी काही उत्तर देऊ शकलो नाही. नंतर इंजिनाबरोबर आलेले पुस्तक मागवून वाचले, दौंडच्या वेल्डर उस्तादांशी बोललो, एक-दोन बोटवाल्यांना विचारले. जे समजले ते आपल्या कारागीर आणि व्यापारी बंधूंसमोर ठेवतो आहे, कारण यात आपल्या कामाचा भाग बराच आहे.

आधी हे पाहू की मशीन लटकते कसे. अमेरिकेत ओले एव्हिनरूड नावाच्या कारागिराने १९०९ साली असे इंजिन विक्रीला आणले. ते दीड हॉर्सपॉवरचे होते आणि वजन साधारण २८ किलो. म्हणजे एका माणसाने उचलावे, फळीला दोन स्क्रूंनी आवळावे आणि काम झाले की काढून घरी न्यावे, अशी मूळ कल्पना. पुढे ताकद वाढत गेली तसे वजन वाढले. आज पंचवीस हॉर्सपॉवरचे टू-स्ट्रोक इंजिन ५० किलोच्या आसपास भरते. चाळीस हॉर्सपॉवरचे फोर-स्ट्रोक शंभर किलोला टेकते. दीडशे हॉर्सपॉवरचे दोनशे किलोच्या वर जाते. उतरवून न्यायच्या वस्तूला लोक लटकवूनच नेऊ लागले, आणि लटकवण्याची जागा मात्र तीच राहिली, ती मागची फळी.

या फळीवर किती ताण येतो हे मी त्या दोघा भावांना दुकानातच दाखवले. कापडाचे एक भरलेले थान दिले आणि सांगितले, छातीशी धर. धरले. मग सांगितले, आता हात लांब करून धर. अर्ध्या मिनिटात खांदा भरून आला. थानाचे वजन तेच होते, फक्त अंतर वाढले.

आता आकड्यांत बघा. समजा ५० किलोच्या मशीनचा भार फळीच्या २५ सेंटिमीटर मागे पडतो. पकडीची उंची वरपासून खालपर्यंत ३० सेंटिमीटर. पन्नास गुणिले पंचवीस म्हणजे १२५०, त्याला तीसने भागले की सुमारे ४२. म्हणजे गाडी उभी असतानाही फळीची वरची कड ४२ किलोच्या जोराने मागे ओढली जाते आणि खालच्या बाजूला तेवढ्याच जोराने आत दाबली जाते. गतिरोधकावर गचका बसला आणि भार क्षणभर तिप्पट झाला असे धरले, तर वरची ओढ सव्वाशे किलोवर जाते. पाण्यात लाटांचे हेलकावे असतात, पण खाली पाणी गादीसारखे असते. ट्रॉलीखाली कडक पाटे आणि डांबर. शिरूर ते दौंड किती गतिरोधक आणि खड्डे आहेत ते आपण सगळे जाणतोच. उसाच्या हंगामात तर बोलायलाच नको.

फायबरच्या बोटीच्या मागच्या फळीत बहुतेक वेळा आत प्लायवूड असते आणि बाहेरून फायबरचे थर. तडा केसाएवढा असला तरी त्यातून पाणी आत शिरते आणि प्लाय आतून कुजत जाते. बाहेरून रंग मारला की काही दिसत नाही. जुनी बोट विकत घेणाऱ्याने म्हणूनच मशीनचा पाय धरून हळूच वर-खाली हलवून पाहावे. मशीनबरोबर फळी लवत असेल तर सौदा करू नये.

आता खिटीची गोष्ट. मशीन वर उचलून अडकवण्यासाठी जी खिटी किंवा आधाराची पट्टी दिलेली असते, ती उथळ पाण्यात आणि काठाला उभ्या बोटीसाठी असते. यामाहाच्या पुस्तकांत साफ लिहिलेले आहे की ट्रॉलीवर नेताना या खिटीवर विसंबू नये, मशीन हलून सुटू शकते. न्यायचे तर मशीन नेहमीच्या चालत्या स्थितीत, म्हणजे खाली सोडून न्यावे. खाली जागा कमी पडत असेल तर वर उचलावे, पण मग त्याला वेगळा आधार द्यावा. याचे कारण सोपे आहे. मशीन खाली असते तेव्हा ते फळीला रुंद टेकलेले असते. वर उचलले की सगळा भार एका खिळ्यावर किंवा खिटीवर येतो आणि लांब पाय मागे बॅटीसारखा फडफडतो. मोठ्या इंजिनांना तेलाच्या दाबाने उचलणारा दांडा असतो. काहींना वाटते तो भक्कम आहे. तोही उचलण्यासाठी दिलेला आहे, तासभर गचके खाण्यासाठी नाही. शिवाय त्याचे सील जुने झाले की तेल हळूहळू उतरते, मशीन रस्त्यात इंच इंच खाली येते आणि पुढे बसलेल्याला पत्ताही लागत नाही.

मग करायचे काय? माझे मत विचाराल तर ज्याचे मशीन दोघांना उचलता येते त्याने ते उतरवावे. आपल्याकडच्या बहुतेक मासेमार बोटींचे मशीन याच वजनात बसते. पूर आल्यावर बचावाला येणाऱ्या हवेच्या रबरी बोटींचेही इंजिन वेगळे काढूनच ट्रकमधून नेतात. ज्यांचे स्क्रू गंजून बसले आहेत ते लोक उतरवायला कंटाळतात. त्यांनी स्क्रूला वर्षातून दोनदा ग्रीस लावावे, एवढेच.

उतरवण्याची एक रीत आहे, ती चुकली तर आधाराने वाचलेले मशीन आतून बिघडते. आधी मशीन उभे धरून आतले पाणी पुरते गळू द्यावे. मग आडवे ठेवताना डोक्याची बाजू, म्हणजे इंजिनाची, नेहमी पंख्याच्या बाजूपेक्षा उंच ठेवावी. नाहीतर नळीत राहिलेले पाणी सिलिंडरात जाते. फोर-स्ट्रोक असेल तर कंपनीने सांगितलेल्या कुशीवरच निजवावे. दुसऱ्या कुशीवर ठेवले तर तेल जिथे जायला नको तिथे जाते आणि पुढे सुरू करताना धूर आणि मनस्ताप. पेट्रोलचा कॉक बंद, टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद. खाली जुनी गादी किंवा गोणपाट. आमच्याकडे फाटक्या गाठींचे गोणपाट पडून असते, बोटवाल्यांना मी ते फुकट देतो.

मशीन मोठे असेल किंवा नटबोल्टने पक्के असेल तर उतरवणे शक्य नाही. तेव्हा पहिल्यांदा पाहावे की खाली सोडून नेता येईल का. सपाट जमिनीवर पंख्याखालचे पाते आणि रस्ता यांत किती जागा राहते ते मोजावे, पण तेवढ्यावर थांबू नये. ट्रॉलीची चाके गतिरोधक उतरून गेली की मागे लटकणारा भाग गतिरोधकाच्या वरच असतो. म्हणजे खरी जागा, मोजलेल्या जागेतून गतिरोधकाची उंची वजा करून उरेल ती. घाटउतारावर किंवा नदीच्या उतारावर मागचे टोक आणखी खाली जाते. एवढे करून वीतभर जागा राहत असेल तर मशीन खालीच सोडावे. वर उसळू नये म्हणून काही इंजिनांना कुलूप असते, ते लावावे, आणि आडवे फिरू नये म्हणून हँडल दोन्ही बाजूंनी बांधावे. याहून सोपा उपाय नाही.

जागा नसेल तेव्हाच आधाराच्या दांड्याचा प्रश्न येतो आणि तिथे आपले वेल्डर उस्ताद कामाला येतात. परदेशी बाजारात हा दांडा तयार मिळतो, आपल्याकडे मागवला तर महाग पडतो. दौंडला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बांधणारा कोणताही हुशार कारागीर तो अर्ध्या दिवसात करील. त्या दोघा भावांचा असाच केला. पाइप, रबर आणि मजुरी मिळून जो खर्च आला तो तुटलेल्या पंख्याच्या किमतीच्या जवळपासही गेला नाही.

दांड्याची रचना अशी. एक टोक ट्रॉलीच्या सांगाड्याच्या शेवटच्या आडव्या चॅनेलवर. तिथे दोन कान वेल्ड करून आरपार पिन घालावी, पिनेला खिट्टी. नुसते टेकवलेले टोक गचक्यात सरकते. दुसऱ्या टोकाला इंग्रजी व्ही अक्षरासारखा खोबणीचा तुकडा, आतून जाड रबर लावलेला. ट्रकच्या जुन्या टायरचे रबर चालते, स्पंज चालत नाही. ही खोबण मशीनच्या पायावर कुठे टेकवायची, हे फार महत्त्वाचे आहे. पंख्याच्या वर एक आडवी पाटी असते आणि खाली गिअरचा गोल डबा असतो. या दोहोंच्या मधला, पायाचा पुढचा जाड भाग, ती जागा. पंख्यावर, पंख्याच्या दांड्यावर किंवा खालच्या पातळ पात्यावर दांडा कधीही टेकवू नये. जिथून थंडाव्याचे पाणी आत जाते ती जाळीही दाबू नये.

मशीन आधी थोडे जास्त वर उचलावे, दांडा बसवावा, मग मशीन हळूच खाली सोडून भार दांड्यावर येऊ द्यावा. पट्ट्याने पाय आणि खोबण एकत्र आवळावे. बटणाने उचलणारे मशीन असेल तर शेवटी बटण खालच्या दिशेला एक क्षणभर दाबावे, धरून ठेवू नये. जास्त दाबले तर दांडा नाहीतर पाय, दोहोंपैकी एक वाकतो. लांबी बदलता यावी म्हणून उस्तादांनी एका पाइपात दुसरा पाइप आणि मध्ये भोके ठेवली, त्यामुळे हाच दांडा दुसऱ्या बोटीलाही लागला. आत एक जाड स्प्रिंगही घालता येते. ती घातली तर गचका थोडा मुरतो, नाही घातली तर रबर जाड घ्यावे.

इथे एक वाद आहे आणि तो खोटा नाही. काही जाणते लोक म्हणतात, ट्रॉलीचा सांगाडा रस्त्यावर पिळतो, बोट त्यावर थोडी हलते, मग ट्रॉलीवर टेकवलेला दांडा उलट मशीनलाच खालून ठोसे मारील. म्हणून ते मशीन आणि फळी यांच्यामध्येच पाचर बसवतात, म्हणजे सगळा भार बोटीतच राहतो. यात तथ्य आहे. बोट ट्रॉलीवर सैल असेल तर दांडा अपायच करील. पण पाचरीने फळीवरची ओढ कमी होत नाही, फक्त खिटीचे काम पाचर करते. फळी नवी आणि जाड, मशीन हलके, तर पाचर पुरेशी. फळी जुनी किंवा मशीन जड, तर भार ट्रॉलीच्या लोखंडावर उतरवलेला बरा, आणि त्यासाठी बोट ट्रॉलीशी अशी बांधावी की दोन्ही एकच वस्तू झाल्या पाहिजेत. लाकडाचा ठोकळा अडकवून निघणारेही आहेत. ठोकळा बांधलेला असेल तर तोही पाचरच, सुटा असेल तर पहिल्या खड्ड्यात तो मागच्या मोटारसायकलवाल्याच्या तोंडावर.

बांधणीचा विषय माझ्या धंद्यातला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बोटीचे नाक पुढच्या खांबाला ओढून बांधलेच पाहिजे, त्याला जोडीला एक साखळीही असावी. पण बहुतेक लोक तेवढ्यावरच थांबतात. मागची दोन टोके ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या पट्ट्यांनी खाली आवळली नाहीत, तर बोटीची शेपूट उडत राहते आणि वरचा दांडा, पाचर, सगळे फुकट. एकच पट्टा आडवा टाकून भागत नाही असे नाही, पण बोटीच्या कडा दबतात.

आता पट्टा कोणता? गिऱ्हाईक रंग आणि रुंदी बघते, सूत बघत नाही. बाजारात बांधणीची नवार तीन जातींची येते, नायलॉन, पॉलिएस्टर आणि पॉलिप्रॉपिलीन. नायलॉन मजबूत, पण ताणले की लांबते आणि ओले झाले की आणखी सैल पडते. गाडी ओढून काढायला ते चांगले, बोट आवळायला नाही. पॉलिएस्टर कमी ताणते, पाण्याने फारसे बदलत नाही, उन्हातही जास्त टिकते. बोटीसाठी हेच घ्यावे. पॉलिप्रॉपिलीन सर्वांत स्वस्त आणि हलके. उन्हात एक-दोन उन्हाळे गेले की त्याचे तंतू भुसभुशीत होतात, नखाने खरवडले तरी पावडर निघते. सुती दोर तर मुळीच नको. भिजला की आखडतो, वाळला की ढिला पडतो. बोट पाण्यातून काढल्यावर नेमके हेच घडते. बांधताना दोर ओला आणि घट्ट, चौफुल्याला पोहोचेपर्यंत वाळलेला आणि सैल.

दुकानदार 'पॉलिएस्टर आहे' म्हणाला म्हणून विश्वास ठेवायला नको. मीही दुकानदारच आहे, म्हणून सांगतो. पट्ट्याच्या कडेचे थोडे सूत उसवा, साबणाच्या पाण्यात चोळून त्यातली हवा काढा आणि साध्या पाण्याच्या पेल्यात टाका. तरंगले तर पॉलिप्रॉपिलीन. बुडाले तर दुसऱ्या पेल्यात मीठ विरघळायचे थांबेपर्यंत मीठ घाला आणि त्यात टाका. नायलॉन मिठाच्या पाण्यावर तरंगते, पॉलिएस्टर तिथेही बुडते. घरातल्या घरात होते आणि काडी लावून जाळण्याच्या परीक्षेपेक्षा यात चूक कमी.

पट्ट्यावर शिवलेल्या चिठ्ठीवर दोन वजने असतात, एक तुटण्याचे आणि एक कामाचे. कामाचे वजन बघावे. एकच आकडा असेल तर तो तुटण्याचा समजून त्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर हिशेब करावा. धारेवरून जाणाऱ्या जागी पट्ट्याखाली जुन्या पाण्याच्या पाइपचा चिरलेला तुकडा किंवा ताडपत्रीची चौपदरी घडी घालावी. लांब मोकळ्या पट्ट्याला मध्ये एक पीळ द्यावा, म्हणजे तो वाऱ्याने फडफडत नाही. फडफडणारा पट्टा स्वतःच स्वतःला ढिला करतो. मशीनवर ताडपत्रीचे झाकण घालणारे पुष्कळ आहेत. घालायचे तर अंगाबरोबर शिवून घ्यावे. सैल झाकण वाऱ्याने फुगते, घासते, आणि घासताना आत अडकलेली धूळ मशीनचा रंग काढते. इथे आपल्या हूड आणि रेक्झिन शिवणाऱ्या बांधवांना काम आहे.

अजून एक हिशेब, तो कुणी करीत नाही. मशीन ट्रॉलीच्या अगदी शेवटी लटकते, म्हणून ते पुढचा हूक वर उचलते. हूक ते ॲक्सल ४ मीटर आणि ॲक्सलपासून मशीन १.६ मीटर मागे असेल, तर ५० किलोच्या मशीनने हुकावरचे वजन ५० गुणिले १.६ भागिले ४, म्हणजे २० किलोने कमी होते. बोट, ट्रॉली आणि मशीन मिळून ४०० किलो असेल, तर हुकावर साधारण पाच ते दहा टक्के, म्हणजे २० ते ४० किलो भार हवा. मशीनशिवाय तो ३० असेल तर मशीन लटकवल्यावर १० उरतो. अशी ट्रॉली वेग वाढला की सापासारखी वळवळते आणि पुढची गाडीही फिरवते. उपाय महाग नाही. वीस किलोची पेट्रोलची टाकी आणि बॅटरी मिळून दोन मीटर पुढे सरकवली की हुकावर १० किलो परत येतात. हूक गाडीला जोडायच्या उंचीवर ठोकळ्यांवर ठेवून, खाली गाठी तोलण्याचा काटा सरकवला की वजन कळते. मी दुकानातला काटा या कामासाठी दोनदा दिला आहे.

मागे किती बाहेर येते याकडेही लक्ष हवे. वर उचललेले मशीन ट्रॉलीच्या मागे बरेच बाहेर जाते, त्याने दिवे आणि नंबरची पाटी झाकता कामा नये. दिवसा लाल फडके, रात्री लाल दिवा. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाल्यापासून मर्यादेबाहेर माल पुढे, मागे किंवा बाजूला आला तर २०,००० रुपये दंड आणि माल उतरवण्याचा खर्च वेगळा. ट्रॉली बनवून देणाऱ्या कारागिरानेही नोंदणीचे कागद गिऱ्हाइकाला आधीच सांगावेत. पकडल्यावर तो पहिला फोन आपल्यालाच करतो.

वेल्डर बंधूंना दोन गोष्टी खास सांगायच्या आहेत. बोटीच्या मागच्या फळीला आधारासाठी नवे भोक पाडू नका, गिऱ्हाईक कितीही म्हणाले तरी. भोकातून प्लायमध्ये पाणी जाते आणि दोन वर्षांनी नाव आपले खराब होते. आणि मशीन वर उचललेले असताना, आधार लावल्याशिवाय, माप घ्यायला खाली वाकू नका. दुसरी गोष्ट, ट्रॉलीवर वेल्डिंग करण्याआधी पेट्रोलची टाकी बोटीतून काढून पन्नास पावले लांब ठेवा. टाकी रिकामी आहे असे सांगितले तरी काढाच, रिकाम्या टाकीतली वाफ भरल्या टाकीपेक्षा वाईट.

त्या दोघा भावांची फळी फायबरवाल्याने आतून कापून पुन्हा भरली. त्यात महिना गेला आणि पाहुण्यांच्या हंगामाचे पहिले दिवस हातचे गेले. कर्जाचा हप्ता मात्र थांबला नाही. दुसऱ्या खेपेला त्यांनी मशीन उतरवून टेम्पोत गोणपाटावर ठेवले आणि दांडा जवळ असूनही वापरला नाही. मी धाकट्याला विचारले, मग दांडा कशाला केलास? तो म्हणाला, "चाचा, पुढच्या वर्षी चाळीसचं मशीन घेतो आहे, ते काय आम्हा दोघांना उचलणार आहे?" जाताना पारगावच्या भीमेच्या पुलाअलीकडे, साधारण पहिल्या दहा किलोमीटरनंतर करतात तशी, त्यांनी गाडी थांबवून पट्टे पाहिले. चारपैकी दोन पट्टे एकेक दात ढिले झाले होते. आवळले आणि पुढे निघाले.